मुंबई, एक दिवस, एक गाडी, पाच माणसं: आठ तासांत अठरा ठिकाणं घ्यावीत का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर कळेल. डिसेंबरमध्ये ओस्लोहून तुम्ही, तुमची नॉर्वेजियन पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी येताय. आई-बाबा साताऱ्याहून येऊन तुम्हाला मुंबईत भेटणार. हॉटेल अंधेरीला, मुंबईसाठी दिवस एकच. गाडी आणि गाइड दोन्ही असलेली खासगी टूर घ्यायची आहे. एका एजंटने ८ तासांत १८ ठिकाणं दाखवतो म्हटलंय, दुसरा ९ ठिकाणं सांगतोय आणि पैसे दीडपट मागतोय. बाबा ७२ वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आणि अगदी शेवटी, कंसात, तुम्ही लिहिलंय की बाबा तरुणपणी दोन वर्षं गिरगावात मामांकडे राहून शिकले होते.

मी मुंबईत १७ वर्षं गाइडचं काम करते. रोज डोंबिवलीहून लोकलने फोर्टात येते आणि मग दिवसभर एसी गाडीतून लोकांना मुंबई दाखवते, यातली गंमत मलाही कळते. माझ्या मते १८ की ९ हा तुमचा प्रश्नच नाही. पाच माणसांना पाच वेगवेगळे दिवस हवे आहेत आणि गाडी एक आहे, ही खरी अडचण. आणि तुम्ही कंसात टाकलेली ती ओळ या सगळ्यात महत्त्वाची आहे. तिच्याकडे शेवटी येते.

आधी त्या १८ ठिकाणांचा हिशोब. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं. अंधेरीहून दक्षिण मुंबईत जायला आणि परत यायला मिळून दोन तास धरा. जेवणाला एक तास. उरली ३०० मिनिटं. त्यांना १८ ने भागलं तर एका ठिकाणाला जेमतेम सतरा मिनिटं, आणि त्यातच दोन ठिकाणांमधला रस्ता, सिग्नल, बाबांचं गाडीतून उतरणं आणि परत चढणं. मग १८ ठिकाणं होतात कशी? ओव्हल मैदानाजवळून गाडी जाते तेव्हा गाइड डावी-उजवीकडे हात करून सांगतो: हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, ओव्हल, पुढे चर्चगेट. दोन मिनिटांत पाच ठिकाणं झाली. खोटं कुणीच बोललेलं नसतं. जाहिरातीत ‘पाहणे’ लिहिलेलं असतं आणि ‘उतरणे’ कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून दोन्ही एजंटांना एकच प्रश्न विचारा: किती ठिकाणी उतरायचं, आणि तिथे किती वेळ? नऊ ठिकाणंवाला जर ‘सहा ठिकाणी उतरू, तीन गाडीतून’ असं सरळ सांगत असेल, तर त्याचा हिशोब खरा आहे. तुमच्या मंडळींना सहा वेळा उतरणं पुरे. सातव्यांदा ‘तुम्ही जाऊन या, मी बसतो’ असं बाबा म्हणतीलच.

हे मी अनुभवातून शिकले. कामाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी एका वयस्कर जोडप्याला एका दिवसात १६ ठिकाणं फिरवली होती. हाजी अलीच्या सिग्नलला मी मागे न वळता दर्ग्याबद्दल तळमळून सांगत होते. शेवटी ड्रायव्हर हळूच म्हणाला, “मॅडम, ते झोपलेत कधीचे.” संध्याकाळी आजींनी मला विचारलं, ते सिंहाचं कुठे बघितलं आपण? गेटवेला का स्टेशनला? चूक त्यांची नव्हती.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिलं, वार. सोमवारी घारापुरीच्या लेण्या बंद असतात, पण तसंही एका दिवसाच्या गाडीच्या टूरमध्ये घारापुरी बसवू नका. बोटीने जाता-येता तासतासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या. रविवारी फोर्टातले रस्ते मोकळे, ओव्हलवर एकाच वेळी पाच-सहा क्रिकेटच्या मॅचेस चाललेल्या, पण दुपारनंतर गेटवेला पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी गेटवे बरं, पण फोर्टात गाडी उभी करायला मिळत नाही. निवड तुमच्या हातात असेल तर मी शनिवार सांगेन. कोर्टकचेऱ्या आणि बरीच ऑफिसं बंद असतात आणि गर्दी रविवारइतकी नसते. तारखांमध्ये ६ डिसेंबर टाळा. महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीला लाखो माणसं येतात, दादर-शिवाजी पार्क भागातले रस्ते बदललेले असतात. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी मरीन ड्राइव्हचा विचारही करू नका.

दुसरं, निघण्याची वेळ. बहुतेक टूर्स सकाळी आठला सुरू होतात, आणि अंधेरीहून आठला निघणं म्हणजे ऑफिसच्या गर्दीला सोबत करणं. शिवाय हिवाळ्यात ओस्लोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तुम्ही नुकतेच आला असाल तर सकाळी आठ म्हणजे तुमच्या लेकीच्या शरीराला पहाटेचे साडेतीन. ती पहिल्या दोन ठिकाणी गाडीत झोपेल आणि तिसऱ्या ठिकाणी रडेल. साडेदहाला निघा. आठाऐवजी नऊ तास होतील, एका जादा तासाचे पैसे द्या.

तिसरी गोष्ट गाडीची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक गाइडची चौकशी दहा वेळा करतात आणि गाडीची एकदाही नाही. तुम्ही पाच, गाइड सहावी, ड्रायव्हर सातवा. म्हणजे डिझायरसारखी गाडी बाद, इनोव्हा हवी. त्यातही मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असलेली मागा. सलग बाकाच्या सीटवर माणसाला सरकत सरकत दारापर्यंत यावं लागतं आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तेच सगळ्यात जड जातं. बाबांना मधल्या रांगेत डावीकडे बसवा. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, त्यामुळे डावं दार फुटपाथवर उघडतं आणि उजवं चालत्या रस्त्यावर. पुढची सीट ऐसपैस म्हणून लोक ती वडीलधाऱ्यांना देतात. मग गाइड जाते शेवटच्या रांगेत आणि तिचं बोलणं ऐकायला सगळ्यांच्या माना दिवसभर मागे वळलेल्या. गाइडला पुढेच बसू द्या.

गाडीची नंबर प्लेट पिवळी, त्यावर काळी अक्षरं, अशी असली पाहिजे. इलेक्ट्रिक असेल तर हिरवी प्लेट आणि पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची, म्हणजे कुणाची तरी घरची गाडी आली तर बसू नका. ती भाड्याने चालवायची परवानगी नसते आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात. भाडं ‘८ तास ८० किलोमीटर’ अशा बोलीवर ठरतं. ते तास आणि किलोमीटर तुमच्या हॉटेलपासून मोजणार की गाडीच्या गॅरेजपासून, हे आधी विचारा. गॅरेज मिरा रोडला असेल तर तुम्ही गाडीत बसण्याआधीच तासभर संपलेला असतो. टोलचंही तसंच. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरचा हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला आणि तुम्ही तसेही शहराच्या आतच असणार. कोस्टल रोडलाही टोल नाही. सी-लिंकला मात्र आहे. बिलात ‘टोल’ म्हणून गोळा रक्कम दिसली तर पावती मागायला लाजू नका.

आणि ड्रायव्हर. मला वाईट गाइड आणि चांगला ड्रायव्हर असा दिवस चालेल, उलटं नाही चालणार. गेटवेपाशी गाडी लावता येत नाही, सीएसएमटीसमोर थांबवता येत नाही, मरीन ड्राइव्हवर रेंगाळलात तर ट्रॅफिक हवालदार फोटो काढून ई-चलान पाठवतो. चांगला ड्रायव्हर तुम्हाला दाराशी उतरवतो, कुठे तरी चक्कर मारत राहतो आणि फोन गेला की चार मिनिटांत त्याच जागी उभा असतो. मी लोकांचे फोटो संपायच्या आधीच ‘दादा, निघा’ असा फोन करते. हे जमलेलं नसलं की ७२ वर्षांचा माणूस उन्हात पंधरा मिनिटं उभा राहतो, आणि मग पुढचं ठिकाण कितीही भारी असो, त्याचा मूड गेलेला असतो.

आता कुठे जायचं. मला विचाराल तर दिवस असा लावेन.

साडेदहाला निघून सी-लिंक आणि तसंच पुढे कोस्टल रोडने खाली मरीन ड्राइव्ह. बांद्र्याहून वरळीकडे येताना डाव्या हाताला अख्खं शहर उभं दिसतं. २००९ साली हा पूल झाला तेव्हापासून मी लोकांना हेच सांगत आलेय की इथे थांबता येत नाही, तेव्हा फोटो चालत्या गाडीतून. मरीन ड्राइव्हवरून दक्षिणेकडे जाताना डावीकडे इमारती असतात, समुद्र पलीकडच्या बाजूला. दुपारी उत्तरेकडे परत येताना समुद्र डावीकडे, अगदी खिडकीला लागून. म्हणून जाताना इमारतींबद्दल बोलायचं, येताना गप्प बसायचं.

पहिलं उतरणं ओव्हल मैदान. इथे अर्धा तास द्या. मैदानाच्या मधल्या पायवाटेवर उभं राहिलं की पूर्वेला विद्यापीठ, हायकोर्ट आणि ८५ मीटर उंच राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं दगडी गॉथिक. मान वळवली की पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर सूर्यकिरणांची नक्षी. दोन्ही मिळून २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. तुमच्या पत्नीला मुंबई समजावून सांगायला याहून सोपी जागा नाही. साहेबाने स्वतःसाठी बांधलेलं एका बाजूला, पैसेवाल्या मुंबईकराने स्वतःसाठी बांधलेलं दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या हिरवळीवर कुणाचा तरी मुलगा एलबीडब्ल्यूवरून भांडतोय.

मग सीएसएमटी. उतरायचं महापालिकेच्या बाजूला, कारण पूर्ण इमारत तिथूनच नजरेत मावते. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. स्टेशनचं काम १८७८ साली सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. तारखा मुलीला सांगू नका. तिला प्राणी शोधायला लावा. दाराच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. भिंतींवर मोर, माकडं, सरडे आहेत. माझा अनुभव असा की सहा-सात वर्षांचं मूल वीस मिनिटं तिथून हलत नाही आणि मोठ्यांनाही मग त्याच्या बोटाच्या दिशेने बघावं लागतं.

जेवण फोर्टातच उरका. जेवणाची जागा निवडताना मी चवीच्या आधी दोन गोष्टी बघते: वर चढायला पायऱ्या किती आणि टॉयलेट कसं आहे. हे लिहायला संकोच वाटतो, पण आई ६९ वर्षांच्या आहेत आणि दक्षिण मुंबईत स्वच्छ टॉयलेट ही दर दीड तासाला लागणारी गोष्ट आहे. ज्या गाइडने ती कुठे आहेत हे न विचारता सांगितलं, ती गाइड घ्या.

गेटवे दुपारी सव्वादोननंतर. इथे उजेडाचं गणित आहे. गेटवे पूर्वेच्या किनाऱ्यावर आहे, त्यामुळे सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो आणि शहराच्या बाजूने काढलेल्या फोटोत कमान काळी येते. शेजारच्या ताज हॉटेलचं तोंड समुद्राकडे, म्हणून ताजचा फोटो सकाळचा आणि गेटवेचा दुपारचा. सुरक्षा तपासणीतून थोडं चालावं लागतं, बाबांना सावकाश येऊ द्या. इथली एक गोष्ट परदेशी पाहुण्यांना फार आवडते. पंचम जॉर्ज १९११ साली आला, त्याच्या स्वागताची आठवण म्हणून ही कमान. पण तो आला तेव्हा पुठ्ठ्याची प्रतिकृतीच उभी होती. खरी कमान पूर्ण झाली १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीत बसून गेली. ज्याच्या स्वागतासाठी दार बांधलं, त्याच्याच देशाच्या फौजेला चोवीस वर्षांत त्याच दारातून निरोप. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो २६ जानेवारी १९६१ चा.

गेटवेनंतर एका गोष्टीपासून सावध. आसपासच्या भागात गालिचे, शाली, चांदीची मोठी दुकानं आहेत. स्वस्त टूरमधला फरक बऱ्याचदा तिथल्या कमिशनमधून भरून निघतो. ‘शॉपिंगला चला’ असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, “मॅडम, इथे छान स्वच्छ टॉयलेट आहे.” आत गेलात की चहा येतो, गालिचा उलगडला जातो आणि पाऊण तास जातो. मी पूर्वी ज्या एजंटकडे काम करायचे, तिथे रोज किती पाहुणे दुकानात गेले याची वही असायची. म्हणून आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: कुठल्याही दुकानात थांबायचं नाही. एजंटने त्यावर आढेवेढे घेतले तर त्याचा दर कमी का होता ते कळलं.

पुढे मरीन ड्राइव्हवरून मलबार हिल. इथे ड्रायव्हर कोस्टल रोडने ‘पटकन’ नेतो म्हणेल. नको. तो रस्ता दोन किलोमीटरच्या बोगद्यातून नेमका मलबार हिलच्या खालून जातो, म्हणजे तुम्ही हँगिंग गार्डनच्या पायाखालून जाल आणि दिसेल फक्त भिंत. चौपाटीवरून वळणावळणाने वर चढा. हँगिंग गार्डन १८८१ मध्ये पाण्याच्या टाक्यांवर बांधलेलं, त्याबद्दल दोन वाक्यं पुरेत. उतरायचं समोरच्या कमला नेहरू पार्कात, म्हातारीच्या बुटासाठी. मुलगी बुटात, तुम्ही दोघं कठड्याशी चौपाटीचा देखावा बघत, आई-बाबा बाकावर. दिवसभरात पाचही जण एकाच वेळी खूश असण्याची ही एक हमखास जागा.

तुमच्या यादीतली तीन नावं मी गाळतेय. बाणगंगा मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, पण पायऱ्या आहेत आणि गाडी जवळ जात नाही. मणिभवनात गांधीजींची खोली वर आहे, जिना चढावा लागतो. धोबीघाट महालक्ष्मीच्या पुलावरून बघता येतो, पण ते वाटेवर राहत नाही, आणि माणसं काम करत असताना वरून वाकून बघणं मला अलीकडे रुचत नाही. हे माझं मत. दुसरा गाइड तुम्हाला नेईल, त्यातही काही गैर नाही.

आता ती कंसातली ओळ. साडेचार ते साडेपाच हा तास गिरगावला द्या. कुठल्याच एजंटच्या यादीत ‘बाबांच्या मामांची चाळ’ नसते, पण खासगी गाडी घेण्याचा खरा फायदा हाच आहे. नाहीतर बसची टूर काय वाईट? तिथपर्यंत दिवसभर मी इंग्रजीत बोललेली असेन. ते तुमच्या पत्नीला कळलं असेल, आई-बाबा मान डोलावत राहिले असतील. गिरगावात मी गप्प बसते. अशा वेळी बाबाच बोलायला लागतात, तुम्ही पत्नीला सांगत राहता, आणि मुलीला पहिल्यांदा कळतं की आजोबाही कधी तरी कॉलेजात जायचे. मिसळ खा, पियूष प्या. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची आणि व्हरांड्यांची काही घरं अजून उभी आहेत, ती सपाट रस्त्यावरून चालत दिसतात.

पण चाळ असेलच असं धरून चालू नका. गिरगावात कितीतरी चाळींच्या जागी टॉवर आले आहेत आणि रस्त्याखालून आता मेट्रो ३ धावते. म्हणून मामांच्या गल्लीचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा, जे आठवत असेल ते गाइडला आठवडाभर आधी कळवा. मी असं नाव मिळालं की आदल्या दिवशी कामावरून परतताना तिथून चालत जाऊन बघते. इमारत गेली असेल तर बाबांना गाडीत बसायच्या आधीच, हॉटेलवर सांगते. जागेवर पोचल्यावर कळलं तर माणूस कसा गप्प होतो ते मी एकदा पाहिलंय. आधी कळलं तर तोच माणूस समोरच्या वाण्याच्या दुकानावरून जागा ओळखून दाखवतो.

शेवटी चौपाटी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा पावणेसहाला वाळूत. मग कोस्टल रोड, सी-लिंक, साडेसातच्या आसपास हॉटेल.

म्हणजे सहा ठिकाणी उतरायचं, नऊ तास, मधल्या सुट्या सीटची पिवळ्या प्लेटची इनोव्हा, दुकान नाही. हे शब्दशः दोन्ही एजंटांना पाठवा आणि नव्याने दर मागा. रक्कम मी मुद्दाम लिहीत नाही, डिसेंबरात ती आठवड्याला बदलते. गाइडकडे पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र आहे का तेही विचारा, कारण काही ठिकाणी ‘गाइड’ म्हणजे चार वाक्यं पाठ असलेला ड्रायव्हरच निघतो.

व्हीलचेअर आणावी का, असंही तुम्ही विचारलं होतं. फोर्टातले फुटपाथ इतके वरखाली आहेत की ती ढकलणाऱ्याचे हाल होतात, आणि साताऱ्याच्या सत्तरीतल्या माणसाला तिच्यात बसायला सांगणं हे वेगळंच काम. मी डिकीत एक घडीचं स्टूल ठेवते, तीनशे-साडेतीनशेला मिळतं. ओव्हलवर, सीएसएमटीसमोर, गिरगावच्या गल्लीत, जिथे बाबा थांबतील तिथे ते उघडून ठेवायचं. बसा म्हणायचं नाही, नुसतं शेजारी ठेवायचं.